न उघडलेल्या बाटलीचं कौतुक

मार्चमधल्या त्या मंगळवारी आमचा क्लेटन सकाळपासून गुडघ्याला बाशिंग बांधून संगणकासमोर बसला होता. अंगात झोपेचा झगा, एकाच पायात सपाता, आणि मला ताकीद, की नऊ वाजेपर्यंत टोस्टर लावायचा नाही. टोस्टर लावला की इंटरनेट मंदावतं असं त्याचं म्हणणं. हा माणूस आयुष्यभर विमानं उडवत होता. पाठीमागे तीनशे माणसं बसलेली असताना वादळातून विमान खाली आणायचा तेव्हा याचा हात थरथरला नाही म्हणे. आणि आता तीन बाटल्या मिळतील की नाही म्हणून याला दरदरून घाम फुटला होता.

नऊच्या ठोक्याला मारेन लिंडक्विस्टची पहिली वाइन विक्रीला निघणार होती. बाटलीला सव्वातीनशे डॉलर, माणशी तीनच. बाटल्या अजून भरल्याही नव्हत्या, वाइन पिंपातच होती, आणि ती चाखलेला एकही माणूस अख्ख्या नापा खोऱ्यात मला भेटला नव्हता.

मग ती चांगली आहे हे तुला सांगितलं कुणी, असं मी क्लेटनला विचारलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी सांगितलं असं विचारतेय.

सांगितलं कुणीच नव्हतं. मारेन म्हणजे तिशीतली पोरगी. आठ वर्षं एका बड्या वाइनवाल्याच्या हाताखाली राबली आणि एक दिवस काम सोडून निघाली. त्याला कुणीतरी विचारलं, कशी आहे हो ती? तो म्हणाला, हट्टी आहे, आणि त्याने विषय बदलला. झालं. दुपारपर्यंत बेकरीत बातमी, की बघा, जळतोय तिच्यावर, म्हणजे पोरीत दम आहे. बाकीचे वाइन दोन-दोन वर्षं पिंपात ठेवतात, ही सात-आठ महिन्यांतच बाटलीत भरणार असं कळल्यावर लोक म्हणाले, बघा, केवढा आत्मविश्वास. विक्रीच्या पत्रात तिने चारच ओळी लिहिल्या: द्राक्षं पेरुचीच्या मळ्यातल्या वरच्या उतारावरची, पिंपं दोनच, मनापासून आभार. द्राक्षं कुठल्या जातीची तेसुद्धा लिहिलं नाही. तर लोक म्हणाले, ज्याला बोलायची गरज नाही तोच असं लिहितो. त्या बिचारीने शिंक दिली असती तरी यांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवली असती.

शिवाय इथला रिवाज तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. नव्या वाइनवाल्याच्या यादीत पहिल्या वर्षी ज्याचं नाव लागलं त्याचं लागलं. एकदा नको म्हणालात की तळाशी, मग जन्मभर वरचे लोक मरायची वाट बघत बसा. म्हणून कुणीच नको म्हणत नाही. न पिता हो म्हणायचं, न बघता पैसे भरायचे.

नऊ वाजून काही क्षणांत क्लेटन ओरडला. मिळाल्या! त्याला आकाश ठेंगणं झालं. त्याने मला उचलून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं, माझी कंबर आणि त्याची कंबर दोन्ही नेमक्या कुठे मोडतील याचा विचार न करता. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आवरेना. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो इतका खुशीत नव्हता.

मग त्याने रॉइस पेटिग्रूला फोन लावला. रॉइस दातांचा डॉक्टर, क्लेटनचा जिवाभावाचा मित्र, म्हणजेच त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. रॉइसने शांतपणे सांगितलं की त्याला सहा मिळाल्या. तीन स्वतःच्या नावावर आणि तीन आईच्या नावावर. त्याची आई नव्वदीची आहे आणि तिला दारूच्या वासाने मळमळतं. क्लेटन दोन दिवस माझ्या आईला शिव्या देत होता, ती वेळेआधी गेली म्हणून.

मे महिन्यात बाटल्या आल्या. लाकडी पेटी, आत गवत, गवतात तीन बाटल्या. काच इतकी गडद की दिव्यासमोर धरली तरी आतलं काही दिसेना. लेबलवर टेकडीचं नाव आणि वर्ष, बास.

मी म्हटलं, चला, आज चिकन आहे, एक काढू.

क्लेटन माझ्याकडे आ वासून बघत राहिला. अशी वाइन कुणी लगेच उघडतं का? एक तर ती प्रवासाने थकलेली असते. दुसरं म्हणजे ती अजून लहान आहे. आणि तिसरं, खरं कारण त्याने शेवटी सांगितलं: तिघींतली एक फोडली की दोनच उरतात.

तेव्हा आम्ही बाटलीच्या मानात मेजवानी दिली. हो, बाटलीच्या मानात. दर गुरुवारी वाइन प्यायला जमणाऱ्या आमच्या मंडळाला बोलावलं, टेबलाच्या मध्यभागी मारेनची बाटली उभी केली, दोन बाजूंना मेणबत्त्या, आणि तिच्यासमोर बसून दुसऱ्याच वाइन प्यालो. देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी होतं. रॉइसने तिच्याभोवती एक चक्कर मारली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "हिच्यात खोली आहे." मंडळींनी माना डोलावल्या. मी हसून हसून रुमाल तोंडात कोंबला. आनंद तरी किती स्वस्तात होता! म्हणजे, महागात होता.

पुढच्या आठवड्यात रॉइसने वाइनवाल्यांच्या एका संकेतस्थळावर अभिप्राय लिहिला. शाईसारखी काळी, घनदाट, तोंडात मखमल. क्लेटन खुर्चीतून ताडकन उठला. रॉइसने उघडली? फोन केला तर रॉइस म्हणाला, "अशा गोष्टी विचारायच्या नसतात." मग काय, क्लेटनने दारं लावून घेतली आणि दुपारभर बसून रॉइसच्या दुप्पट लांब अभिप्राय लिहिला. शाईपेक्षाही काळी. काळी चेरी, जुनं चामडं, कडू चॉकलेट, वणव्यानंतरची माती. आमच्या तिन्ही बाटल्या तळघरात गवतात जशाच्या तशा झोपलेल्या होत्या. मी विचारलं, माती कधी खाल्लीस? तर म्हणाला, हा सगळा अंदाज अनुभवावरून बांधता येतो, तुला नाही कळायचं.

त्याच्या पाठोपाठ सगळं खोरं लिहीत सुटलं. कुणाला तिच्यात तंबाखू सापडली, कुणाला काळे ऑलिव्ह, एकाला तर आजोबांची घोड्याची जीन सापडली. लिलावात बाटली नऊशेवर गेली. क्लेटन रोज सकाळी भाव बघायचा आणि शीळ घालत दात घासायचा.

माझं सेंट हेलेनात केस कापायचं दुकान आहे. ऑगस्टच्या शेवटी, एका बुधवारी सकाळी, मारेन येऊन माझ्या खुर्चीत बसली. ती वर्षातून दोनदा यायची, टोकं छाटून जायची. त्या दिवशी म्हणाली, "डोरीन, सगळे कापा. मानेपर्यंत."

पाठीवर रुळणारे सोनेरी केस. मी कात्री खाली ठेवली. बाई केस असे एकदम कापायला सांगते तेव्हा काय झालं ते आधी विचारायचं, कापायचं नंतर, हा माझा नियम आहे. मी म्हटलं, अगं, तू तर हवेत असायला हवीस. लोक काय काय लिहितायत तुझ्याबद्दल. आमच्या क्लेटनने तर जीव ओतलाय.

तिने खिशातून फोन काढला आणि वाचून दाखवलं. शाईसारखी काळी. शाईपेक्षाही काळी. पुढचीही तशीच. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"डोरीन, माझी वाइन काळी नाहीये. ती फिकी आहे. ग्लासच्या पलीकडे वर्तमानपत्र धरलं तर वाचता येतं."

मला आधी समजलंच नाही.

"म्हणजे कुणी उघडलीच नाहीये," ती म्हणाली. "सहाशे बाटल्या गेल्या आणि एकानेही उघडली नाहीये."

मी आरशातून तिच्याकडे बघत राहिले आणि मला, खरंच सांगते, एकाच वेळी पोट धरून हसावंसं वाटलं आणि क्लेटनला बडवावंसं वाटलं. पण तिचा चेहरा बघितला आणि हसू आतच राहिलं.

मग तिने सगळं सांगितलं. पेरुचीच्या वरच्या उतारावर म्हाताऱ्या वेली आहेत, चार जातींच्या, कुणी कधी लावल्या कुणाला माहीत नाही. खोऱ्यातले सगळे द्राक्ष पार पिकून काळं होईपर्यंत थांबतात. हिने गेल्या वर्षी सगळ्यांच्या आधी, द्राक्षात आंबटपणा असतानाच तोडणी केली. तिला हलकी, झुळझुळीत वाइन करायची होती, उन्हाळ्यात लोक हसत हसत पितील अशी. तिचा आधीचा मालक याच गोष्टीवरून तिला हट्टी म्हणायचा. आता पुन्हा तोडणी आली होती. मळ्याचा मालक पेरुची रोज विचारत होता, आत्ता तोडायची की थांबायचं? आज संध्याकाळी तिला उत्तर द्यायचं होतं, कारण वीकएंडला उन्हाचा तडाखा येणार होता आणि त्यानंतर आंबटपणा उरणार नव्हता.

"मग तोड की."

"कशाच्या भरवशावर? मी स्वतःसाठी सहा बाटल्या ठेवल्या होत्या, त्या सगळ्या पिऊन बसले. एक दिवस वाटायचं, जमलीय. दुसऱ्या दिवशी वाटायचं, सरबत झालंय. आपण केलेल्या गोष्टीची चव आपल्याला नाही कळत. मला दुसऱ्याचं तोंड हवंय, डोरीन. आणि दुसऱ्यांना सगळ्यांना काळीच आवडतेय." तिने नाक पुसलं. "तर थांबते. पिकू देते. काळी करते."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला राग आला. तिच्यावर नाही. आमच्या घरातल्या काळ्या चेरीवर, चामड्यावर आणि वणव्यानंतरच्या मातीवर. या रिकामटेकड्यांनी गंमत गंमत म्हणून एका पोरीच्या हातची वाइन मारायला घेतली होती, आणि ती कशी आहे हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

मी तिची फक्त टोकं छाटली. मग म्हटलं, पेरुचीला आठपर्यंत थांबव आणि साडेसहाला आमच्याकडे जेवायला ये.

घरी येऊन मी क्लेटनला विचारलं, मारेनच्या वाइनचा रंग कोणता रे?

"काळा," तो म्हणाला, वर्तमानपत्रातून डोकंही न काढता.

"फिका आहे. डाळिंबाच्या पाण्यासारखा. मारेनने स्वतः सांगितलं, आणि ती आत्ता जेवायला येतेय."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. मी क्लेटनला वादळाच्या गोष्टी सांगताना ऐकलंय, पण वादळात अडकलेला पाहिला तो त्या दिवशी. त्याचं त त प प झालं. तो थेट फोनकडे पळाला. रॉइस दोन मिनिटांत आमच्या दारात. दोघं तळघराच्या दारापाशी उभे राहून कुजबुजायला लागले, जणू आत प्रेत आहे.

रॉइसचं म्हणणं साधं होतं. जोवर उघडली नाही तोवर ती काळी आहे. उघडलीच कशाला पाहिजे? उघडली तर आपण दोघं सगळ्या खोऱ्यात तोंड दाखवायच्या लायकीचे राहणार नाही. आणि नऊशेची बाटली नव्वदवर येईल.

"उघडली तर काय अंगाला भोकं पडणार आहेत?" मी म्हटलं. "क्लेटन, किल्ली दे."

"डोरीन, तू समजून घे."

"मी समजूनच किल्ली मागतेय. ती पोरगी तुझी माती वाचून स्वतःची वाइन बदलायला निघालीय. तू लिहिलंयस ते खरं करायला."

 त्याने किल्ली दिली नाही. तो स्वतःच खाली गेला, एक बाटली घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवली. "मला नाही उघडवणार," म्हणाला. "तू उघड."

मारेन साडेसहाला आली. हात जांभळे, कपाळावर धूळ, मळ्यातून थेट. टेबलावर आपली बाटली बघून ती दारातच थबकली. रॉइस तिला बघून इतका गोड हसला की त्याचे स्वतःचेच दात दुखले असतील. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, खिडकीतून टेबलावर पडलेलं. मी स्वयंपाकघरातला साधा बूच काढायचा स्क्रू घेतला, क्लेटनच्या त्या चांदीच्या यंत्राकडे ढुंकून न बघता, आणि फटकन बूच काढलं. चार ग्लासांत ओतलं.

फिकी. उन्हात गुलाबी-लाल, तळाशी नारिंगी झाक, आणि पलीकडची मिठाची बाटली स्वच्छ दिसत होती.

 मारेन ग्लासकडे बघत नव्हती, ती आमच्या तोंडांकडे बघत होती.

"उतरलीय," रॉइस म्हणाला. "रंग उतरलाय. साठवणीत काहीतरी गडबड."

क्लेटनने ग्लास उचलला. आमच्याकडे वाइन प्यायची पद्धत म्हणजे एक पूजाच असते. आधी तिरका करून बघायचा, मग फिरवायचा, मग नाक आत, मग एवढासा घोट, मग तो तोंडात घोळवायचा, मग दहा मिनिटं भाषण, आणि उरलेली वाइन बादलीत. माझ्या उभ्या संसारात मी या टेबलावर बाटली रिकामी झालेली बघितलेली नाही.

त्याने काही केलं नाही. नुसता प्यायला. आणि पुन्हा प्यायला. आणि ग्लास रिकामा करून माझ्यासमोर धरला, लहान मुलं दूध मागतात तसा.

मीही प्यायले. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी तुम्हाला चामडंबिमडं सांगणार नाही. आंबट होती, गार होती, आणि तोंडात गेली तशी मला हसूच आलं. कुणी न सांगता चांगली बातमी कळावी तसं. मी दुसरा घोट घेतला तेव्हाही आलं. क्लेटनला ओतलं, मला ओतलं, आणि बाटली कलती केली तर संपलेली. चिकन अजून ओव्हनमध्येच होतं.

"काय वाटलं?" मारेनने विचारलं. 

क्लेटनने तोंड उघडलं. मला वाटलं, आता आली वणव्यानंतरची माती. पण तो म्हणाला, "मला नाही सांगता येत. मी जे लिहिलं ते सगळं खोटं होतं, मारेन. मी चाखलीच नव्हती." मग त्याने रिकामा ग्लास बघितला. "थांब, मी दुसरी आणतो."

"क्लेटन!" रॉइस किंचाळलाच. "नऊशे डॉलर!"

क्लेटन जिन्यावर होता. खालून नुसतं गवत ओढल्याचा आवाज आला. दुसरी बाटली त्याने स्वतः उघडली, उभ्या उभ्या, आणि ओतताना थोडी टेबलावर सांडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. आम्ही बोलायला लागलो, कशावरही. त्याने ते जुनं वादळ पुन्हा सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यात तो घाबरला होता असं सांगितलं. मी दुकानात केस सोडून बाईचा कान कापला होता तो किस्सा सांगितला. मारेन हसता हसता रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली. रॉइस हाताची घडी घालून बसला होता. त्याच्यासमोरचा ग्लास तसाच भरलेला. मग एकदा मी चिकन काढायला उठले आणि परत आले तर ग्लास रिकामा, आणि रॉइस खिडकीबाहेर बघतोय.

दुसरीही संपत आली तेव्हा तो घसा साफ करून म्हणाला, "माझ्यासाठी थोडी ठेव." आणि मग, आणखी हळू, "आईच्या नावावरच्या तीन आहेत माझ्याकडे. घेऊन येतो." गाडीची किल्ली शोधताना त्याने दोन्ही खिसे उलटे केले. मी म्हटलं, गाडी चालवायच्या अवस्थेत नाहीस तू. शेजारचं घर तर तुझं, चालत जा. तो पळत गेला. साठीचा दातांचा डॉक्टर आमच्या हिरवळीवरून पळताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मारेनने पहिली बाटली उचलून उलटी धरली. एक थेंब आला नाही.  मग तिने फोन काढला आणि पडवीत गेली. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"पेरुची? हो, मीच. उद्या पहाटे तोडा. सगळी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती खांबाला टेकली आणि आमच्याकडे वळून बघितलं. क्लेटन तिसऱ्या बाटलीसाठी तळघरात धडपडत होता, आणि रॉइस बगलेत बाटल्या मारून हिरवळीवरून परत येत होता.

"हो, आंबट असतानाच," ती म्हणाली. "काळी वगैरे काही नाही. इथे विचारतायत, अजून आहे का म्हणून."

मी आत जाऊन आणखी ग्लास काढले.